मुडपलेलं बोट

भाज्यांना नात्याने हाक मारणारा आणि माशांना जेवणाचं आमंत्रण देणारा माणूस उभ्या भिवंडी तालुक्यात एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. काल्हेरला, खाडीपासून जरा आत, त्यांचं दोन खोल्यांचं कौलारू घर होतं. मागे गोड्या पाण्याची विहीर आणि विहिरीला लागून भाजीचा मांडव. त्या मांडवाखाली मी आयुष्यातला सगळ्यात सुखाचा उन्हाळा काढला, आणि तिथेच एक गोष्ट केली, जी पंचवीस वर्षं कुणाला सांगितली नाही. ज्याची जवानी लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खडखडाटात गेली, त्याला गप्प बसायला वेगळं शिकावं लागत नाही.

सत्तरच्या दशकातला तो उन्हाळा. मी भिवंडीत जॉबर होतो, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारा. लग्नाला चार महिने झाले होते. वीजकपात इतकी वाढली की एक दिवस शेठ म्हणाले, "लूम सो रहे हैं, तुम भी जाके सो जाओ. बुलाऊँगा तब आना." दुसऱ्या दिवशी पुढच्या दांडीवर ही, मागे कॅरियरवर ट्रंक, अशी आमची वरात सायकलवरून मामांच्या दारात जाऊन थडकली. मामांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हिला विचारलं, "बाय, ह्याचे हात असे काले कशानं?" "लूमचं ग्रीस आहे, मामा," ही म्हणाली. "मंग धुतले तरी जानार न्हायत. चला, पानी काढा जावयबापू."

मामांच्या मांडवात सगळा गोतावळा नांदत होता. कारलं म्हणजे आत्याबाई, मिरची म्हणजे धाकली वहिनी, पडवळ म्हणजे मास्तर. एकदा अंबाडी गावाहून त्यांची सख्खी आत्या आली. ती ओट्यावर बसून चहा पीत असताना मामा विहिरीवरून ओरडले, "बाय, आत्याबाई पार सुकल्या बघ, दोन बादल्या वत त्यांच्या अंगावर!" म्हातारीने कप खाली ठेवला, पिशवी उचलली आणि म्हणाली, "मी काय म्हस हाय रं, मुडद्या?" तिला परत बसवायला मामांना कारल्याच्या वेलासमोर उभं राहून खुलासा करावा लागला. तो ऐकून ती जास्तच भडकली.

कोवळ्या फळाला सरळ बोट दाखवलं की ते कुजतं, हे आपल्याकडे सगळेच मानतात. मामा त्याचा कायदा करून बसले होते. फळ दाखवायचं तर बोट मुडपून. नवखा पाहुणा असला तर मुठी मिटूनच मांडवात शिरायचं, त्यामुळे आमचे नातेवाईक भाजी बघायला नव्हे, कुस्तीला निघाल्यासारखे दिसत. पहिल्याच दिवशी मी एका काकडीला खुशाल सरळ बोट दाखवलं. "चाव! चाव ते बोट!" मामा किंचाळले. मी चावलं. ग्रीसची चव लागली. ही विहिरीच्या काठावर बसून पोट धरून हसत होती. तिचं तसं हसणं ऐकायला मी पुढे दोनदा मुद्दाम चुकलो.

मासेमारीचे नियम आणखी कडक. गळ घेऊन निघालं की "मासे धरायला चाललो" म्हणायचं नाही, "कचेरीत चाललो" म्हणायचं. मिळालेले मासे मोजायचे नाहीत. आणि पहिला मासा, कितीही मोठा असो, तोंडाशी धरून मामा त्याला सांगायचे, "रविवारी घरात पावनं हायेत. तुझ्यावाल्यांना घेऊन ये," आणि सोडून द्यायचे. एकदा हातभर शिंगाळी अशी आमंत्रण घेऊन गेली आणि रविवारी आली मूठभर चिंगळं, बारीक कोळंबी. "ऐनवेली लगीन निघालं असंल त्यांच्याकडं," मामा म्हणाले. आम्ही दोघं मात्र ओहोटीच्या वेळी जुनं लुगडं दोन टोकांनी धरून गुडघाभर चिखलातून कोळंबी गोळा करायचो. निम्मा वेळ लुगड्याचं आपलं टोक सोडून ती माझ्यावर चिखल उडवायची. त्या उन्हाळ्यात आम्ही एकमेकांना खरे ओळखू लागलो, असं मला आजही वाटतं.

मांडवाच्या मधोमध दुधी होता. त्याला मात्र मामा नाव घेऊन हाक मारत नसत. "ह्यांना पानी घातलं का?" एवढंच विचारत. मामी जाऊन तीन वर्षं झाली होती. लग्नाच्या वर्षी माहेराहून पदराच्या गाठीत बांधून आणलेलं तिचं ते बी. मामा दरवर्षी एक चांगला दुधी बियाण्यासाठी वेलावर राखत आणि त्यातलं सगळंच बी पेरून टाकत. "साठवलं का बी आलशी होतं," म्हणत. राखलेल्या फळाच्या देठाला ते मामीच्या हिरव्या लुगड्याची चिंधी बांधत. ती चिंधी दिसली की त्या फळाकडे कुणी बघतही नसे.

मे संपत आला होता. वेलाचा बहर सरला होता, शेवटचा एकच डौलदार दुधी राहिला होता आणि मामांनी त्याला नुकतीच चिंधी बांधली होती. शनिवारी मी विहिरीपाशी सायकलची चेन चढवली. जॉबरचे हात काळे झाले की डोळे आपोआप फडकं शोधतात. कारखान्यात दर लूमवर चिंधी लटकलेली असते, ओढायची आणि हात पुसायचे. मी मांडवावरून चिंधी ओढली, हात पुसले, खिशात कोंबली. डोक्यात काही आलंच नाही.

रविवारी पंचवीस माणसं जेवायला. कोळंबी पुरेना. हिने मांडवात जाऊन पाहिलं, उरलेल्या एकुलत्या एका दुधीला चिंधी नव्हती, म्हणून तो तोडला आणि कोळंबीत घातला. मामांनी दोनदा वाढून घेतलं. "बाय, हाताला मामीची चव हाय तुझ्या," म्हणाले. मग हात धुऊन मांडवात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

राखलेला दुधीच आपण तोडला हे कळल्यावर ही रडून रडून बेजार झाली. "मामा, देवाशपथ, चिंधी नव्हती हो!" मामा बाहेर आले तेव्हा हसत होते. "अगं, तिला पंगतीत बसायला कधी मिलालंच न्हाय. रांधतच ऱ्हायली. आज सगल्यांच्या ताटात जाऊन बसली. रडतेस काय?" सगळे हसले. माझ्या खिशात ती चिंधी होती. मी पण हसलो.

मामांनी पुन्हा दुधी लावला नाही. आणि हिने पुन्हा कधी वेलावरचं फळ स्वतःच्या हाताने तोडलं नाही. आमच्या गॅलरीतली मिरचीसुद्धा ती शेजारणीकडून तोडून घ्यायची. "माझ्या हातून मामी गेली," एवढंच म्हणायची. त्यानंतर मी काल्हेरला जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा सायकल टेकवायच्या आत मामा एक स्वच्छ फडकं माझ्या हातात देत. "पुसा, जावयबापू." त्यांनी त्या दिवशी देठावर माझ्या काळ्या बोटाचा डाग पाहिला होता की काय, हे विचारायची माझी छाती झाली नाही. मी सांगेन म्हणून ते वाट बघत होते, असं आता वाटतं. मागच्या वर्षी मामा गेले, तेव्हा त्यांच्या दारात मला फडकं द्यायला कुणी नव्हतं.

गेल्या आठवड्यात मी हत्यारांच्या पेटीतून ती चिंधी काढून हिच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. ही बराच वेळ हिरव्या रंगावरचा काळा डाग चाचपत राहिली. मग उठली, आणि पंचवीस वर्षांचं रडू, राग, सगळं एकत्र करून तिने सरळ माझ्या नाकासमोर बोट रोखलं. "तुम्ही!"

मी मान खाली घालून उभा राहिलो. थोड्या वेळाने वर पाहिलं, तर बोट अजून माझ्यावरच होतं. पण तिने ते मुडपलं होतं.