भस्माची तीन बोटं

निजामाच्या राज्यात गेवराईत मोटारी होत्या मोजून चार, आणि त्या दुरुस्त करणारा एकटा नागप्पा. हात कसबी, तोंड फटकळ. दसऱ्याला इंजिनाचे सुटे भाग धुऊन, पुजून पुन्हा जोडायची रीत त्यानंच पाडलेली.

यंदा दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी बद्रीनाथ ड्रायव्हर पुजलेली लॉरी घेऊन हजर. गाडी उभी असली की इंजिन एकसारखं चालेना. वेगाचा स्क्रू पिळला की बोंबलायचं, सैल केला की बंद पडायचं. दुपारपर्यंत हाच खेळ. नागप्पाचं डोकं सणकलं.

"कुटून तरी हवा वढतंय हे. कार्बोरेटरला हात कावून लावला बे?"

"न्हाई लावला, उस्ताद."

"खोटं बोलू नको! माझ्या हातची जोडणी हाय ती!"

शेवटी त्यानं उदबत्ती पेटवून इंजिनाभोवती फिरवली. कार्बोरेटरच्या सांध्यापाशी धूर सर्रकन आत ओढला गेला. बद्रीनाथला शिव्या घालतच त्यानं नट सोडले आणि सांध्यातलं पॅकिंग उचललं.

सांध्याच्या तोंडावर भस्माचे तीन आडवे पट्टे वाळून कडक झाले होते.

बद्रीनाथ नुसता नागप्पाच्या कपाळावरच्या तशाच तीन पट्ट्यांकडे बघत राहिला.