माझ्या वाट्याचा रोट

श्रावणात नागपंचमी झाली की पहिल्या रविवारी आमच्या घरी कानबाई, आमची खानदेशी देवी, बसते. सुरतला गेलेला काका असो की पुण्यात कंपनीत चिकटलेला चुलतभाऊ, त्या दिवशी सगळे पारोळ्याजवळच्या आमच्या गावात हजर असतात. मी धुळ्याहून जातो. दिवाळीला गेलो नाही तर घरचे समजून घेतात, कानबाईला गेलो नाही तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

मला खरं तर त्या रात्री गावात राहायला नको वाटतं. पण ते कुणाला सांगणार? चौरंगावर देवी म्हणून नथ घातलेला, दागिन्यांनी मढवलेला नारळ, त्यापुढे रात्रभर बायकांची गाणी, अंगणात फुगड्या, आणि मी आपला ओट्यावर घोटा चोळत बसलेला. पावसाळी हवा आली की तो अजून ठणकतो.

रोट काय असतो ते आधी सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा राग त्याच्यावरच येऊन थांबतो. घरातल्या माणसामागे मूठमूठ गहू घेऊन तो वेगळा दळायचा आणि त्या पिठाचे जाड रोट करायचे. रात्रीच्या आरतीनंतर आमच्याकडे ज्याचा त्याला वाटा मिळतो. तो खायचा फक्त भाऊबंदांनी. शेजाऱ्यांना पुरणपोळी पोटभर वाढा, पाहुण्यांना खीर द्या, पण रोटाचा कण बाहेरच्याच्या हातावर पडता कामा नये. लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा नाही. माझी बहीण दरवर्षी यावरून भांडते आणि दरवर्षी हरते.

माय स्वतः मात्र रोट खात नाही. आपला वाटा कपाळाला लावते आणि माझ्या ताटात सरकवते. विचारलं तर म्हणते, पित्त होतं.

त्या वर्षी मी दहावी होऊन पारोळ्याच्या कॉलेजात जायला लागलो होतो. आम्ही तिघे मित्र एकाच एसटीने जायचो. त्यातला एक आमच्या मागच्या गल्लीतला, लहानपणापासून माझ्या सावलीसारखा. त्याच्याकडे बघून आमच्या घरात कुत्रंही भुंकत नसे. दुसरा गावाबाहेरच्या वस्तीवरचा, बोलण्यात शूर.

गावाच्या टोकाला नदीवर जुनी गढी आहे. आता नुसता मातीचा ढिगारा, पण तिच्या पोटात भुयार आहे आणि ते थेट पारोळ्याच्या किल्ल्यात निघतं असं गावातलं शेंबडं पोरही सांगतं. गेलेलं कुणीच नाही. एका पावसाळ्यात आतली माती खचून कुणाच्या तरी शेळ्या गाडल्या गेल्या, तेव्हा मागच्या गल्लीतल्या मित्राच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, पुढाकार घेऊन भुयाराच्या तोंडाशी बाभळीचे काटे टाकले आणि दगड रचले. नानांचा गावात धाक होता. घरात तर विचारू नका. पोराच्या पाठीवर पट्ट्याचे वळ आम्ही नदीवर पोहताना पाहिलेले होते.

जायचं तर कानबाईच्या रात्रीच, हे आमचं कधीच ठरलं होतं. वर्षातली ती एकच रात्र अशी की सगळं गाव जागं असतं आणि म्हणूनच कोण कुठे आहे ते कुणी बघत नाही. माय विचारते, कुठे होतास? तुम्ही सांगता, अमक्याच्या घरी कानबाईला. विषय संपला. घरोघरी कानबाई आणि घरोघरी जागरण.

आरती व्हायच्या आधीच आम्ही सटकलो. नानांचा टॉर्चवाला मोबाईल मित्राने खिशात घातला होता. काटे बाजूला केले, दगड काढले, आणि आतून वटवाघळांची घाण अशी अंगावर आली की वस्तीवरच्या शूराला एकदम आठवलं, आपली आजी आजारी आहे. तो तिथूनच घरी गेला. आम्ही दोघं त्याला हसत आत शिरलो.

आत काय होतं ते रंगवून सांगायला मला आवडलं असतं. ओल्या मातीचा बोळ होता, कधी वाकून, कधी गुडघ्यांवर जावं लागत होतं. भिंतीत कुठेकुठे घडीव दगड होते, एका ठिकाणी दिवा ठेवायचा कोनाडा. त्या कोनाड्यात हात घालून मित्र म्हणाला, "आठे कोनीतरी ऱ्हाये का रे?" मला इतका आनंद झाला होता की सांगता येत नाही. आपण दोघंच, आणि आपल्याआधी इथे कुणी नाही. पुढे जमीन एकदम खाली गेलेली होती. मी पुढे होतो, त्यामुळे मीच पडलो. फार खोल नव्हतं, पण वरचा एक दगड माझ्यामागून सरकला आणि माझा पाय घोट्यापाशी त्याच्याखाली अडकला.

आम्ही दोघांनी तो दगड हलवून पाहिला. तो वरून वाकून, मी खालून. दगड हलला नाही. मी रडायला लागलो तेव्हा त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आठेच बठ. घाबरू नको. मी तुना भाऊले लई येस," तो म्हणाला. टॉर्च घेऊन गेला. उजेड बोळातून लांब लांब जात एका वळणावर संपला, आणि मला जरा बरंच वाटलं, कारण आता माझ्या भावाला घेऊन तो येणार होता.

कुणी आलं नाही.

अंधारात वेळ कळत नाही. पण कानबाईच्या रात्री गावात लाऊडस्पीकर असतो आणि त्याची धडधड मातीतून खाली येत होती. शब्द कळत नव्हते, नुसता ठेका. प्रत्येक गाणं संपलं की मला वाटायचं, आता त्याने सांगितलं, आता स्पीकर बंद केला, आता सगळे निघाले. मग पुढचं गाणं सुरू व्हायचं. साप निघेल या भीतीने मी आधी हाका मारल्या नाहीत, मग मारल्या, मग घसा बसला. सगळ्यात वाईट विचार सापाचा नव्हता. आरती झाली असेल, रोट वाटले असतील, माझ्या वाट्याचा रोट ताटलीत तसाच पडला असेल आणि तरीही घरात कुणाच्या लक्षात येत नाही की हा कुठे आहे, हा तो विचार होता. आमचं घर त्या रात्री माणसांनी भरलेलं असतं हे कळत होतं. तरीही मी मायवर चिडलो. मनातल्या मनात तिला नाही नाही ते बोललो.

पहाटे कुठल्याशा भगदाडातून राखाडी उजेड आला. हाताने माती उकरत उकरत मी दगडाखाली जागा केली आणि पाय ओढून काढला. चप्पल आणि बरीचशी कातडी तिथेच राहिली. रांगत बाहेर आलो तर खाली रस्त्यावरून कानबाई विसर्जनाला नदीवर निघालेल्या. डोक्यावर चौरंग घेतलेल्या बायका, पुढे ढोल, गुलाल, आणि ढोलापुढे माझा मित्र नाचत होता. दोन्ही हात वर करून. तोंडभर गुलाल.

त्याने मला पाहिलं. हात खाली आले. मग तो वळला आणि गर्दीत शिरला.

दुपारी पाय बसवणाऱ्या म्हाताऱ्याच्या पडवीत मी ओरडत होतो, तेव्हा तो आला आणि माझे हात धरून रडला. म्हणाला, "मी घाबरनू रे. घर गऊ आनि जपी गऊ. कोनलेच काही सांगं नही. नाना मारी टाकतीन माले, तू नाव नको सांगू." म्हणजे तो सरळ घरी जाऊन झोपला होता. मी नाव सांगितलं नाही, आणि वस्तीवरच्यानेही नाही. घरी सांगितलं, सकाळी एकटाच गढीवर गेलो आणि पाय घसरला. घरच्यांनी ते लगेच मानलं आणि तेही मला लागलं. रात्रभर पोरगा नव्हता, आणि एकानेही विचारू नये?

भित्रा होता, असं म्हणून मी त्याला पदरात घेतलं. पूर्वीसारखं काही राहिलं नाही, पण बोलणं सुटलं नाही. आता त्याचं पारोळ्यात बी-बियाण्यांचं दुकान आहे, पोट सुटलंय, नाना वारले. दर कानबाईला तो आमच्याकडे दर्शनाला येतो. मला "भाऊ" म्हणतो. माय त्याला बसवून पुरणपोळी वाढते, आणि पोळीवर तूप घालताना माझ्यापेक्षा त्याला जास्त घालते, हे मी दरवर्षी बघतो.

मायशी मात्र मी त्या रात्रीनंतर कायम थोडा तुटक राहिलो. बायको म्हणते, तुम्ही आईंशी पाहुण्यासारखं बोलता. मी तिला कारण सांगितलं नाही. सांगणार काय? एका रात्री तिला माझी आठवण झाली नाही म्हणून?

यंदाही तो मित्र जेवून गेला. आरती झाली, रोट वाटून झाले, आणि आम्ही दोघंच चुलीजवळ होतो. मायने आपला वाटा कपाळाला लावला आणि सवयीने माझ्या ताटात ठेवायला लागली. मी वैतागलो होतो, ठणकणाऱ्या पायाने आणखी. म्हटलं, "पित्त काय दर सालले याच रातले होतं का? खाऊन टाक ना."

ती हळूच म्हणाली, "माले खावाना हक नही शे. मनंच चुकनं व्हतं."

काय चुकलं होतं, ते तिने चुलीतल्या राखेकडे बघत सांगितलं. त्या रात्री आरतीला मी दिसलो नाही म्हणून ती माझा रोट ताटलीत झाकून दारात उभी राहिली होती. जो येईल त्याला विचारत होती. भावाला दोनदा गल्लीत पाठवलं. आबांना, माझ्या वडिलांना, उठवून कंदील काढायला लावला. एवढ्यात माझा मित्र आला. तो तिला म्हणाला, "मावशी, तो आमना घर जपेल शे. थकी गया." मी त्याच्या घरी झोपलोय हे ऐकून मायचा जीव भांड्यात पडला. तिने कंदील परत ठेवायला सांगितला. पोरगं एवढं धावत सांगायला आलं, माझ्या पोरासारखंच आहे, असं वाटून तिने त्याला कानबाईपुढे बसवलं आणि झाकून ठेवलेला माझा रोट त्याच्या हातावर दिला. त्याने तो तिथेच बसून खाल्ला.

"दुसराना घरना पोऱ्याले रोट दिधा," माय म्हणाली. "म्हनीसन सकायले तुना पाय मोडना. कानबाईनी मालेच दाखाडं. तव्हापासीन मी रोट तोंडले लाया नही."

मी हातातला घास ताटात परत ठेवला. तो घाबरून घरी जाऊन झोपला नव्हता. तो माझ्याच घरात, माझ्याच जागेवर बसला होता, आणि निघालेला कंदील त्याने विझवला होता. कदाचित तो खरंच सांगायला आला असेल आणि दारात आबांना बघून त्याची बोबडी वळली असेल. असेलही. पण मग रोट घशाखाली कसा उतरला? खाली मी स्पीकरचा ठेका ऐकत मायला शिव्या देत होतो, आणि वर माय दारात उभी होती. एवढी वर्षं तिच्याशी मी पाहुण्यासारखा वागलो ते या माणसामुळे. त्याला मी सोडणार नाही, असं मला तेव्हा वाटलं आणि आत्ता लिहितानाही वाटतंय.

मी मायला सगळं सांगितलं. काटे, कोनाडा, दगड, टॉर्च, "तुना भाऊले लई येस". तुझं काही चुकलं नाही, तो खोटं बोलला, मी तेव्हा खालीच होतो. बोलताना माझा आवाज चढला आणि बाहेरच्या बायकांचं गाणं एकदा थांबलंसुद्धा.

मायने सगळं ऐकून घेतलं. लहान पोराची समजूत काढावी तसा माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तूच सांगेल व्हतं ना, सकायले गयथा म्हनीसन," ती म्हणाली. "आनि तो कानबाईम्होरे बठेल व्हता. हातमा रोट व्हता त्याना. तठे कोनी खोटं बोलस का?"

आणि तिने आपला रोट माझ्या ताटात सरकवला.