पेरूच्या बुडाशी मशरूमचा भुसा

चाकूरच्या अलीकडे आम्हा चौघीजणींची मशरूमची शेड आहे. मशरूमला गिऱ्हाईक शोधत अहमदपूरपर्यंत हिंडावं लागतं, किस्से मात्र आपल्या पायांनी दारात येतात. त्यातले निम्मे तरी शेजारच्या शिवलिंगकाकांच्या पेरूच्या बागेतले!

*

बाग पिवळी पडत चालली होती. काकांनी एक झाड उपटून आणलं, तर मुळांवर गाठीच गाठी. सूत्रकृमी! डोळ्यांना न दिसणारे किडे मुळांत शिरून रस पितात. मशरूम काढून झाल्यावर उरलेला भुसा आम्ही शेडमागे फेकत होतो. तो मातीत मिसळला तर हे किडे कमी होतात, असं मला लातूरच्या ट्रेनिंगमध्ये कळलं होतं.

मी ते सांगितल्यावर काका म्हणाले, "श्रावणापर्यंत बघू. न्हाई तर जेसीबी लावून बाग काढून टाकू."

बागेतली रोपं काकूंनी डोक्यावरून घागरी वाहून जगवली होती.

*

पण काकूंच्या शाकाहारी घरात मशरूमला मटणाच्या पंगतीत बसवलेलं. भुशाची पोती मागच्या बांधावरूनच न्यायची, असा हुकूम निघाला. काका भुसा टाकून आले की आधी आंघोळ, मग चहा. सारख्या आंघोळी करून काकांना सर्दी झाली. तीही मशरूममुळेच झाली म्हणे!

*

भुशात थोडा जीव शिल्लक असतोच. दोन सरी पडल्या आणि पेरूच्या बुडाशी मशरूम उगवले. काकूंचा फोन आला.

"तुझी लेकरं आमच्या बागेत आलीत. घेऊन जा."

मी मुकाट्यानं टोपली घेऊन गेले.

*

एकदा काकांनी विचारलं, हा भुसा नेमकं करतो काय? मी रंगात येऊन सांगितलं, की मशरूमचे बारीक धागे मातीत पसरतात, किड्याला गुंगी आणतात आणि खाऊन टाकतात. काका लई खूश. काकूंचा चेहरा उतरला.

"जीव खातंय?"

"हो."

"सोमवारी बी?"

ट्रेनिंगमध्ये हे कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हापासून सोमवारी भुसा टाकणं बंद झालं.

*

श्रावण आला. काकांनी जेसीबीवाल्याला सांगून ठेवलं, पण त्याआधी एका झाडाचं बूड उकरून पाहिलं. जुन्या गाठी होत्याच, पण त्यांच्या शेजारून नवी पांढरी मुळं फुटली होती, अगदी साफ. काका कितीतरी वेळ ती मुळं बोटांनी चाचपत बसले. मग जेसीबीवाल्याला फोन करून येऊ नको म्हणाले. मला तर रडूच आलं. काकूंनी मुळांवर हळूच माती लोटली आणि घरात निघून गेल्या.

*

पुढच्या सोमवारी संध्याकाळी, उपास सोडायच्या वेळेला, मी त्यांच्या बांधावरून चालले होते. काकू त्याच झाडाखाली बसल्या होत्या. पुढ्यात ताट, त्यात वरणभात, पुरणाची पोळी, वर तूप. अजून त्यांनी स्वतः तोंडात काही घातलं नव्हतं. बुडाशी पोळीचा तुकडा ठेवून त्या मातीला समजावत होत्या,

"आज सोमवार हाय, माय. आजच्यापुरतं हे खाऊन घे."