गोशाळेचं पहिलं पोतं

सेठजींनी ढिगातले चार दाणे तोंडात टाकले, डोळे मिटून चावले आणि निकाल दिला, "एक नंबर माल है." माझ्या हातातला लॅबचा रिपोर्ट हातातच राहिला. हा मका जनावरांच्या तोंडी घालू नये, असं मी त्यात लिहिलं होतं. पण सेठजींच्या दाढेपुढे माझ्या एम.एस्सी.ला कोण विचारतो.

इंदूरची गोष्ट. मध्यप्रदेश होऊन तेव्हा जेमतेम सात-आठ वर्षं झाली होती. काही सरकारी पाट्यांवर नव्या रंगाखालून 'मध्यभारत' हे जुन्या राज्याचं नाव अजून डोकावायचं. मी एका फीड मिलमध्ये केमिस्ट होते. गाईगुरांचं आणि कोंबड्यांचं, दोन्ही खाद्य तिथं बनायचं. पोत्यावर 'वैज्ञानिक जाँच' असं छापायचं म्हणून लॅब होती आणि लॅब होती म्हणून मी होते. पाहुणे आले की पांढरा कोट घालून टेस्ट ट्यूब धरून उभं राहायचं, हे माझं मुख्य काम. शिकलेली बाई म्हणजे शाळेतली बाई, एवढंच सेठजींना ठाऊक, म्हणून मला ते मास्टरनीजी म्हणत. स्वतः इतके सोवळे, की ऑफिसात अंड्याचं नाव निघालं तरी नाकाला रुमाल लावत. कोंबड्यांचं फीड विकताना मात्र रुमाल खिशात असायचा.

मिलचा एक नेम होता. गाईच्या खाद्याची नवी बॅच निघाली, की पहिल्या पोत्याला कुंकवाचा टिळा लावून ते गोशाळेत पाठवायचं. मगच विकायचा माल हलायचा. सेठजी त्या गोशाळेचे ट्रस्टी होते आणि तिथलं दूध रोज सकाळी त्यांच्या बंगल्यावर जायचं.

तर हा मका. पावसात भिजलेला, म्हणून स्वस्तात मिळालेला. गोदामात आला तेव्हा कुबट वास मारत होता आणि दाण्यांवर हिरवट बुरशी होती. सेठजींनी तो गच्चीवर वाळवून घेतला, गोणपाटानं घासून घेतला, वरून तेलाचा हात फिरवला. मका नवरदेवासारखा चकचकीत झाला. गोम अशी, की काही बुरशी वाढताना दाण्यात विष सोडते. त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. बुरशी पुसता येते, विष पुसता येत नाही. वाळवून जात नाही, भाजूनही पुरतं जात नाही. जनावराचं लिव्हर मात्र ते हळूहळू खातं.

कॉलेजातल्या माझ्या सरांकडून मी अल्ट्राव्हायोलेट लॅम्प मागून आणला. मक्याचा अर्क काढून काचेच्या पट्टीवर चढवायचा आणि अंधाऱ्या खोलीत वर तो लॅम्प धरायचा. विष असेल तर निळा ठिपका चमकतो. आमची पट्टी दिवाळीसारखी चमकली. सेठजींना बोलावून दाखवली, तर म्हणाले, "मास्टरनीजी, इस बत्ती में तो मेरी धोती भी चमकती है." खरंच चमकत होती. मी सांगितलं, कोंबड्या तर मरतीलच, आणि गाईनं खाल्लं तर दुधातही उतरेल. "दूध में भी?" त्यांनी दोनदा विचारलं. मला वाटलं, चला, डोक्यात उजेड पडला. कसला उजेड, दुसऱ्या दिवशी तोच मका मशीनवर चढला.

आठवडाभरात महूचे सुभेदार वानखडे आले. रिटायर्ड फौजी, वडीलही फौजेतले. नवराबायकोनं मिळून पोल्ट्री उभी केली होती, आणि ह्याच मक्याचं फीड त्यांच्याकडे गेलं होतं. त्यांनी पोतं उघडून मेलेल्या कोंबड्या ऑफिसच्या फरशीवर मांडल्या. पंख गळलेले. एकीचं पोट चिरून आणलं होतं, लिव्हर पिवळं पडून सुजलेलं. अर्धं शेड रिकामं झालं होतं. उरलेल्या कोंबड्यांसाठी फीड न्यायला त्यांचा टेम्पो बाहेर उभा होता. गुन्हेगार कोण, हे त्यांना अजून ठाऊक नव्हतं.

सेठजींनी रुमाल काढला आणि रानीखेत, रानीखेत म्हणायला लागले. रानीखेत म्हणजे कोंबड्यांची साथ. सुभेदार म्हणाले, त्याची लस टोचून झाली आहे. तेव्हा सेठजी मला, पण त्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "इन लोगों में सफाई की आदत कहाँ होती है."

'इन लोगों' म्हणजे कुठल्या जातीचे, ते खोलीत सगळ्यांना कळलं. सुभेदारांचं शेड मी पाहिलं होतं. चुना मारलेला, पाण्याची भांडी ओळीनं, जमिनीवर काडी नाही. आमच्या मिलमध्ये उंदीर दिवसाढवळ्या फिरत. माझं डोकंच फिरलं. सकाळीच मी गोदामात पाहिलं होतं: गाईच्या खाद्याची पोती ट्रकवर चढत होती आणि टिळ्याचं पोतं कोपऱ्यात तसंच उभं होतं.

"सेठजी, गौशाला का बोरा इस बार क्यों नहीं गया?" मी विचारलं.

ते बेसावध होते, बोलून गेले. "गाय का मामला अलग है, मास्टरनीजी. पाप लगता है."

सुभेदारांना केमिस्ट्री येत नव्हती, पण एवढं कळायला ती लागत नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, फीडमध्ये काय आहे?"

"विष आहे. मी लिहून दिलंय." नोकरी गेली तर गेली म्हटलं.

सुभेदार ओरडले नाहीत. माझ्या हातातला रिपोर्ट घेतला, गोदामात गेले, टिळ्याचं पोतं खांद्यावर टाकून बाहेर आले. "गौशाला मेरे रास्ते में ही है, सेठजी. ये बोरा और बाई का कागज़, दोनों पहुँचा देता हूँ. आपका पुण्य क्यों रुके."

सेठजी इतके चपळ आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. पोत्याला लोंबकळत टेम्पोपर्यंत गेले, धोतराला कुंकू लागलं. सगळा माल गाडाल तरच पोतं आणि कागद इथं राहील, अशी सुभेदारांनी अट घातली. ट्रक थांबला, माल उतरला. संध्याकाळपर्यंत तो सगळा मका आणि त्याचं खाद्य मिलच्या मागच्या खड्ड्यात गेलं. सुभेदार शेवटपर्यंत तिथं उभे होते. टिळ्याचं पोतं त्यांनी सगळ्यात शेवटी आत ढकललं.

उरलेल्या कोंबड्या वाचल्या. मेलेल्यांची भरपाई नाही, आणि त्या सफाईच्या बोलण्याची माफी तर नाहीच. उलट सेठजी सराफ्यात सांगत फिरले, की आमच्याकडे जरा डाग दिसला तर आम्ही पूर्ण माल गाडून टाकतो. त्या बढाईला पुरावा म्हणून माझी नोकरीही टिकली.

इंदुरात दुसरी मिल काही ह्याहून बरी नव्हती, म्हणून सुभेदार पुढेही आमच्याकडेच यायचे. मी पट्ट्या चमकवत बसायचे. ते मात्र टेम्पो फाटकाबाहेर उभा करून बिडी ओढत बसत. टिळ्याचं पोतं गोशाळेकडे निघालं, की मगच त्यांचा टेम्पो आत यायचा. माझ्या लॅम्पपेक्षा ही टेस्ट सोपी होती, आणि ती एकदाही चुकली नाही.