आत्याचं फुल तिकीट

कर देताना खूश होणारी आणि सवलत मिळाली की चिडणारी व्यक्ती अख्ख्या वाशीम जिल्ह्यात एकच आहे, आणि ती माझी सख्खी आत्या आहे. मी स्वतः वाशीमला नोकरी करतो. पगारातून कर कापला गेल्याचं कळलं की माझं दोन दिवस जेवणात लक्ष लागत नाही. आत्याचा आणि इन्कम टॅक्सचा तर दुरूनही संबंध नाही. केनवडहून आत वळलं की तिचं गाव. तिथं तिची आणि तिच्या यजमानांची, म्हणजे आमच्या मामांची, बेताची जमीन, त्यात सोयाबीन आणि तूर. पण साबणाच्या वडीपासून काडीपेटीपर्यंत प्रत्येक वस्तूत सरकारचा हिस्सा असतो, हे तिला कुणीतरी एकदा समजावून सांगितलं आणि त्या दिवसापासून ती स्वतःला देशाची भागीदार समजायला लागली. केनवडच्या बाजारात तिनं दुकानदारापुढं साबणाची वडी धरली आणि म्हणाली, "याच्यातला सरकारचा तुकडा कुठंवरी हाय, नखानं रेघ मारून दाखव." पिच्छा सुटावा म्हणून त्यानं बिचाऱ्यानं मारली. आत्यानं घरी येऊन रेघेच्या अलीकडूनच वडी घासायला सुरुवात केली आणि काही दिवसांनी मामांना बजावलं, "सरकारचा तुकडा सरला. आता आपला लागला. जरा बेतानं घासा."

एकदा भागीदारी पत्करल्यावर देखरेख आलीच. गावच्या रस्त्याचं डांबरीकरण सुरू झालं तेव्हा ती घरातली खुर्ची उचलून रस्त्याच्या कडेला जाऊन बसली. डोक्यावर पदर, हातात तांब्या. मुकादमानं आदरानं विचारलं, "मावशी, उन्हात काहून बसल्या?" तर म्हणाली, "माह्यं काम चालू हाय, पाहाले नोको?" डांबर पातळ वाटलं तेव्हा ती उठून कढईपाशी गेली, आत डोकावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "याच्याहून जास्त डाळ माह्या घरच्या वरनात असते." तेवढा तुकडा नंतर खरोखर चांगला झाला, असं अजून गावात सांगतात. तिच्या घरापुढचाच तुकडा तो, त्यामुळे यात मुकादमाचा धसका किती आणि डांबर किती हे कळायला मार्ग नाही.

अर्थसंकल्पाच्या दिवशी तिच्या घरात परीक्षेच्या वर्गासारखी शांतता असते. मामांना खोकायचं असेल तर ते अंगणात जातात. टीव्हीवरच्या मंत्र्यांशी आत्या थेट बोलते. आकडा फार मोठा झाला की ती डोळे बारीक करून विचारते, "एवढे शून्य कोनी मोजले?" तेल, साबण आणि खत यांचं काय झालं हे भाषणात आलं नाही तर भाषण अपुरं समजायचं, असा तिचा नियम आहे. भाषण संपलं की मला फोन येतो. मी कामात असल्याचं हळू आवाजात सांगतो, तर त्यावरच ती उखडते. "तू टॅक्स भरतं ना? मंग एवढा मिणमिण काहून बोलतं? भरनाऱ्याचा आवाज असा असते का?"

पण तिचं खरं रणांगण म्हणजे गावाला येणारी लाल बस. बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा गावातल्या साऱ्या बाया हरखल्या. आत्याला मात्र तो स्वतःचा अपमान वाटला. म्हाताऱ्यांची सवलत तिनं आजवर ओळखपत्र न दाखवून टाळली होती, इथं तीही सोय नव्हती. कंडक्टरनं पहिल्यांदा अर्धं तिकीट हातावर ठेवलं तेव्हा ती म्हणाली, "मी काय अर्धी बाई हाय? फुल दे." कंडक्टर म्हणाला, "आजी, नियम आहे." त्यावर ती तालुक्याच्या गावापर्यंत अर्ध्याच सीटवर बसून गेली. एक पाय आत, एक वाटेत. शेजारच्या बाईनं सरकून जागा दिली तर म्हणाली, "नोको. अर्ध्या तिकिटात एवढीच जागा येते." वळणावर दोनदा खाली घसरली, पण तत्त्वावरून हलली नाही. पुढं पुढं कंडक्टर तिला पाहताच मुकाट्यानं फुल तिकीट फाडायला लागले. पंच्याहत्तरी ओलांडली की प्रवास फुकट होतो हे कळल्यापासून तर तिचं वय चौऱ्याहत्तरावर येऊन थांबलं आहे. मामा तिच्याहून मोठे. त्यांचं वय रीतसर वाढत गेलं आणि तिचं जागच्या जागी राहिलं, त्यामुळे दोघांमधलं अंतर आता बरंच झालं आहे.

फुकटाबद्दलची तिची मतं ओट्यावर बसून मोठ्यानं सांगितली जात. फुकटानं माणूस मिंधा होतो, सरकारनं रस्ता द्यावा, पाणी द्यावं, पण हातात पैसे देऊ नयेत, वगैरे. तिच्या सुनांनी बायकांना महिन्याला पैसे देणाऱ्या योजनेत नाव घातलं तेव्हा ती त्यांना काही बोलली नाही, फक्त स्वतःचं म्हाताऱ्यांच्या योजनेत घालू दिलं नाही. मी वाद घालून पाहिला. आमचे वाद म्हणजे तिनं बोलायचं आणि मी चहा संपवायचा.

मग एका दिवाळीनंतर बस बंद झाली. कुणी फारसा आरडाओरडाही केला नाही. पुरुषांकडे मोटारसायकली होत्या, त्यांना तर चार दिवस कळलंही नाही. आत्या ओट्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "याले अर्धं द्या, त्याले फुकट द्या, मंग गाडी काय पान्यावर चालते? मी तं पयलेपासून सांगून राह्यली." तेवढ्यात समोरून कांता चालली होती. कांता मागच्या गल्लीतली. नवरा-बायको दोघंही दर हंगामात ऊसतोडीला जातात. ती थांबली. डोक्यावरचा भारा तसाच ठेवून म्हणाली, "मोठी माय, तुमाले फुल परवडते, तुमी फुल देता. माह्यी पोरगी सरकारच्या फुकट पासावर अकरावीत गेली. पास नसता तं सातवीतच घरी बसली असती, माह्यासारखी. आता पास हाय अन् गाडीच नाही. चालत एवढ्या दूर कशी धाडू? या टायमाले तिलेबी संगं नेतो. कोयता धरंल."

तिच्या बोलण्यात भांडण नव्हतं. ती सांगून पुढं गेली. मामा नंतर मला म्हणाले, "तुह्या आत्यानं त्या दिवशी दुपारचा चहा नाही घेतला." आमच्या आत्याच्या बाबतीत ही बातमी डॉक्टरांना कळवावी इतकी गंभीर होती. संध्याकाळी ती स्वतः कांताच्या घरी गेली. "पोरीले माह्यापाशी ठेव," ती म्हणाली. "तुमचा ट्रक निघेपर्यंत गाडी आली नाही, तं मंग खुशाल ने."

कांतानं विचारलं, "येईल गाडी?"

"येईल."

गाडी कुठून आणि कशी येईल हे आत्यालाही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच मला फोन. "सुट्टी टाक. डेपोत जायचं हाय. तू फक्त बाजूले उभा राह्य, टॅक्स भरनारा म्हून."

डेपोतले साहेब वाईट माणूस नव्हते, थकलेले होते. त्यांनी आत्याला खुर्ची दिली आणि शांतपणे सांगितलं, "आजी, तुमच्या गावची गाडी रिकामी जाते, रिकामी येते."

"रिकामी कशी? पोरी असतात ना."

"पोरींचे पास आहेत. तिकीट काढणारं कोण आहे?"

"मी."

साहेब हसले. मलाही हसू आलं होतं, पण मी ते रुमालात घेतलं. आत्या हसली नाही. ती पुढं झुकून म्हणाली, "हसा जी. पन मले एक सांगा. सरकार शाळेत मास्तर धाडते, त्याच्यातून काय कमाई होते? दवाखान्यात सुई टोचते, त्याच्यातून काय होते? मंग गाडीचीच कमाई काहून पाह्यता? आमी साबनापासून भरतो ते कायच्यासाठी भरतो? माह्या गावची पोरगी कोयता धराले चालली, साहेब."

बायकांच्या अर्ध्या तिकिटावर रागावून सीटवरून घसरणारी हीच ती बाई.

साहेब म्हणाले, वर कळवतो. आत्यानं विचारलं, वर म्हणजे कुठं. त्यांनी सांगितलं. ती म्हणाली, "कळवा. मी इथं बसते." आणि बसली. दुपारी साहेबांनी डबा उघडला तेव्हा तिनंही भाकरीचं फडकं सोडलं आणि त्यांच्या ताटलीत मिरचीचा ठेचा वाढला. ठेचा खाऊन साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते ठेच्यानं आलं की आणखी कशानं, मी विचारलं नाही. दिवस कलताना ते म्हणाले, "सकाळची एक फेरी सुरू करून बघतो. पण आजी, तिकीट काढणारी माणसं दिसली पाहिजेत. नाही दिसली तर माझा नाइलाज आहे."

"दिसतील," आत्या म्हणाली.

परतताना आम्ही ऑटोत बसलो. मग म्हणाली, "मी फुकट घेनं वेगळं, अन् त्या पोरीले फुकट देनं वेगळं. हे मले कोनी आदी काहून नाही सांगतलं?" मला आजवर ओट्यावर संपवलेले सगळे चहा आठवले.

त्यानंतरचे दिवस गावातल्या पुरुषांना अजून आठवतात. पारावर चार माणसं जमली की आत्या हजर. "बाजाराले कशानं चालला? मोटारसायकलनं? पेट्रोलवरबी टॅक्स भरतं अन् आपलीच गाडी उपाशी मारतं? असा कसा रे तू शहाना?" काहींनी मान डोलावली, काहींनी रस्ता बदलला. रस्ता बदलणाऱ्यांच्या घरी ती जेवणाच्या वेळी जाऊन बसायची. एक जण म्हणाला, "मोठी माय, आमचा टॅक्स तं वरचे लोकच खाऊन टाकतात. कायले भरायचं न् कायले बोलायचं?" ती म्हणाली, "खातात ना? मंग ताटावरून उठून काहून जातं? बस तिथंच. पाह्य त्यांच्याकडं." तो माणूस पुढं बसला तो बसमध्येच.

पहिल्या फेरीच्या सकाळी मी मुद्दाम गावात राहिलो होतो. कांताच्या टोळीचा ट्रकही त्याच संध्याकाळी निघायचा होता. थांब्यावर थंडीत कानाला रुमाल बांधलेले पुरुष उभे होते, काहीसे ओशाळलेले, लग्नात चुकीच्या पंगतीत बसल्यासारखे. एकानं सवयीनं हेल्मेट आणलं होतं आणि ते कुठं ठेवावं हे त्याला कळत नव्हतं. पोरी एका बाजूला दप्तरं घेऊन. कांता जरा लांब उभी होती, गाडी येते का ते बघायला. वेळ झाली, टळली. कुणीतरी म्हणालं, नाही येत आता. आत्या रस्त्याकडे तोंड करून उभी होती, वळून बघत नव्हती. मी तिच्या जवळ गेलो तेव्हा दिसलं, फुल तिकिटाचे पैसे ती मुठीतल्या मुठीत पुन्हा पुन्हा मोजत होती.

मग वळणावर धूळ उठली.

गाडी भरली. हेल्मेटवाल्यानं शेवटी हेल्मेट घालूनच तिकीट काढलं. कंडक्टर आत्यापाशी आला आणि जुन्या ओळखीनं म्हणाला, "आजी, आता तरी अर्धं घ्या. तुम्हीच गाडी आणलीत."

"फुल दे," आत्या म्हणाली. पण आवाजात पूर्वीचा ताठा नव्हता. तिनं कांताच्या पोरीकडे बोट केलं. "तिचा पास फुकट राह्यला पाह्यजे ना? म्हून माह्यं फुल." खाली कांता खिडकीचा गज धरून गाडीबरोबर थोडी चालली. गाडीनं वेग घेतला तेव्हा तिनं गज सोडला. त्या संध्याकाळी ट्रक गेला, आणि पोरगी आत्याकडे राहिली.

सकाळची फेरी अजून टिकून आहे. संध्याकाळची नाही, परतताना पोरी मिळून ऑटो करतात, त्यामुळे आत्याचं डेपोत जाणं सुरू असतं. साहेब बदलले, नव्या साहेबांनाही ठेचा पोचला. माणसंही रोज तेवढी नसतात. काही जण पुन्हा मोटारसायकलवर गेले, काहींना खिडकीतलं वारं आवडलं.

मागच्या हिवाळ्यात मी तिच्यासोबत त्या बसनं निघालो होतो. अर्थसंकल्प जवळ आला होता. शेतमालाच्या भावापासून पोरींच्या पासापर्यंत सरकारनं यंदा काय करायला हवं हे ती मला मोठ्या आवाजात सांगत होती, आणि सांगता सांगता वाक्याच्या मधेच तिला झोप लागली. डोकं माझ्या खांद्यावर आलं. एवढ्या मोठ्या आवाजाच्या बाईचं वजन इतकं कमी असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. खड्डा आला की मी खांदा सावरून धरत होतो. केनवडला पोरी उतरायला लागल्या. त्यांतल्या एकीला मी ओळखतही नव्हतो. ती आमच्या सीटपाशी थांबली, आत्याचा घसरलेला पदर तिनं हलकेच डोक्यावर सारखा केला, आणि आवाज न करता पायऱ्या उतरून गेली.