काशी : थांबा पाच तास

आमच्या मामांइतका वेळेला जपणारा माणूस सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत झाला नाही, आणि दुसऱ्याचा वेळ त्यांच्याइतका खाणाराही झाला नाही. मामा म्हणजे माझ्या आत्तीचे यजमान. आमच्याकडे आत्याला आत्ती आणि तिच्या नवऱ्याला मामा म्हणायची रीत आहे. फौजेत चोवीस वर्षं खेचरांच्या पलटणीत काढून ते सुभेदार होऊन कराडच्या अलीकडे कृष्णाकाठच्या आपल्या गावी परतले. सरकारनं त्यांना पेन्शन दिली, पण खेचरं ठेवून घेतली. आता हाकायचं कुणाला, हा मोठाच प्रश्न होता. तो मामांनी नातेवाइकांवर भागवला. त्यांच्या घरात उसाला पाणी पाजायचं वेळापत्रक भिंतीवर होतं, म्हशीला पाणी पाजायचं गोठ्यात होतं, आणि पाहुण्यांना चहा पाजायचं मामांच्या डोक्यात होतं. पाहुणा वेळेच्या आत आला तर त्याला ओसरीवर बसवून ठेवत, आणि उशिरा आला तर चहा झालेला असे. एकदा मिरजेला पुतण्याच्या लग्नाला वऱ्हाड न्यायचं होतं. पहाटे पाचला ट्रक सुटणार म्हणजे सुटणार, असं मामांनी बजावलं होतं. नवरदेवाच्या फेट्याचा शेमला काही केल्या जमेना, त्यात दोन मिनिटं गेली आणि मामांनी शिट्टी मारून ट्रक सोडला. नवरदेव मागाहून एस्टीनं, करवलीच्या मांडीवर मुंडावळ्यांचा डबा ठेवून, उभ्यानं मिरजेला आला. सगळ्यांनी मामांना नावं ठेवली, पण त्यांचं एकच उत्तर, "खेचराला येकदा सांगितलं की कळतंय. मानसाला कारन द्याय लागतंय."

त्या सुमारास देशात आणीबाणी होती. आमच्या गावात ती मामांमुळे आधीपासूनच होती, त्यामुळे आम्हांला फारसा फरक जाणवला नाही. अशा या मामांनी काशीयात्रा काढायचं मनावर घेतलं तेव्हा पहिल्यांदा तावडीत सापडलो तो मी, कारण मी साताऱ्याच्या हायस्कुलात हिंदी शिकवत होतो. "मास्तर, तू दुभाष्या," असा हुकूम पोस्टकार्डावर आला. माझं हिंदी पाठ्यपुस्तकातलं. गंगाकाठच्या नावाड्यापुढं त्याचा काय उपयोग होणार, हे मला ठाऊक होतं, पण मामांना नाही म्हणायची पद्धत घराण्यात नव्हती.

बेत असा होता. मामांच्या पलटणीतला एक जोडीदार मिर्झापूरचा, नावाड्याच्या घरचा. त्यानं निवृत्तीनंतर इंजिन बसवलेली एक मोठी नाव केली होती. आम्ही अकराजणांनी रेल्वेनं मिर्झापूर गाठायचं, तिथून नावेनं गंगेतून खाली जायचं, वाटेत काशीला थांबायचं, पुन्हा नावेत बसून बक्सर, आणि तिथून रेल्वेनं गया. यात काशीला थांबा किती? तर पाच तास. लोक काशीला तीन रात्री राहतात, कुणी महिना राहतात, काही तर मरेपर्यंत राहतात. आमचे मामा पाच तासांत काशी उरकणार होते. गावातल्या तात्यांनी, म्हणजे मामांच्या चुलतभावानं, भीत भीत विचारलं, "आवं सुबेदार, येवढं मोटं शेहर, पाच तासात कसं व्हायचं?" मामा म्हणाले, "शेहरात फौज मुक्कामाला ठिवली की फौज ऱ्हात न्हाई, तिचा बाजार व्हतोय. शिरायचं, काम करायचं, भाईर पडायचं." काशीत आमचं कुणाशी भांडण नव्हतं, पण मामांच्या बोलण्यावरून ते शहर शत्रूच्या ताब्यात आहे असंच वाटे.

मग नियोजन सुरू झालं. खताच्या कंपनीच्या कॅलेंडरच्या पाठीवर मामांनी पाच तासांचा तक्ता आखला. उतरणे, चार मिनिटं. स्नान, पुरुष एकोणीस, बायका सव्वीस. मंदिरापर्यंत चाल, बावीस. रांग, पन्नास. प्रत्यक्ष दर्शन, अर्धं मिनिट. गहिवर, तीन मिनिटं. या गहिवराबद्दल मी शंका काढली, तर म्हणाले, "बायकांना डोळं पुसाय टैम लागतोय, मास्तर. ते धरलं न्हाई तर फुडची रांग मोडती." काशीला गेलं की आवडीचा एखादा पदार्थ कायमचा सोडायचा असतो. तिथं जाऊन विचार करण्यात वेळ मोडू नये म्हणून मामांनी त्याचीही यादी गावातच करून घेतली. तात्यांनी कारलं सोडलं. तात्यांनी जन्मात कारल्याला तोंड लावलेलं नव्हतं, हे मामांसकट सगळ्यांना माहीत होतं. मामांच्या विहीणबाई कवठे महांकाळच्या. त्यांनी सफरचंद सोडलं. "विहीणबाई, तुमी सफरचंद कवा खाल्लं?" असं आत्तीनं विचारलं, तर म्हणाल्या, "अजून न्हाई खाल्लं. म्हनूनच त्याचं काई वाटत न्हाई." मामांनी दोन्ही नोंदी गंभीरपणे मंजूर केल्या. पदार्थ सुटला आणि वेळ वाचला, एवढ्याशीच त्यांचं काम होतं.

तक्ता पुरा होऊन भिंतीवर लागला तेव्हा आत्ती त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. आत्ती कमी बोलायची. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. त्यातली चोवीस मामा पलटणीत, आणि उरलेली सात पलटण घरात. सुट्टीवर आले तरी अर्धी सुट्टी बांध-बंदिस्तीत जायची. तिनं तक्ता वरपासून खालपर्यंत माझ्याकडून वाचून घेतला आणि म्हणाली, "ह्यात बसायचं कुटं हाय?"

"कशात बसायचं?" मामांनी विचारलं.

"घाटावर. तुमच्या शेजारी. घटकाभर. मला दुसरं काई नगं. देव न्हाई दिसला तरी चालंल."

मामा गोंधळले. "बसून करायचं काय?"

"काई न्हाई. बसायचं."

काही न करण्याला तक्त्यात जागा कशी काढायची, हा प्रश्न मामांना फौजेत कधी पडला नव्हता. दोन दिवस ते तक्त्यापुढे पेन्सिल चावत उभे होते. शेवटी चहाची नऊ मिनिटं होती त्यातली तीन आणि किरकोळ खरेदीतली चार काढून त्यांनी एक नवी ओळ घातली : 'बसणे, सात मिनिटं.' आत्ती ती ओळ रोज सकाळी येऊन बघायची. तिला वाचता येत नव्हतं, पण ओळ कुठली हे तिनं लक्षात ठेवलं होतं.

तालमीशिवाय मामा काही करत नसत. वाईला दक्षिण काशी म्हणतात, तिथंही घाट आहेत, मग काशीची तालीम वाईलाच का करू नये, असं त्यांनी ठरवलं. एका रविवारी आम्ही अकराजण एस्टीनं वाईला जाऊन थडकलो. घाटाच्या खालच्या पायरीवर आम्हांला दोन रांगांत बसवलं. ती नाव. शिट्टी झाली, आम्ही उतरलो. काशीविश्वेश्वर म्हणून ढोल्या गणपती धरला. घाटावर एक वृद्ध गृहस्थ संध्या करत होते. अकराजण शिट्टीवर पाण्यात शिरताना आणि शिट्टीवर बाहेर येताना पाहून त्यांनी मला हळूच विचारलं, "कोण गेलं?" मी म्हटलं, "कुणी नाही. काशीला चाललोय." त्यांनी घाटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले. तालीम छान चालली होती, पण विहीणबाई कासाराच्या दुकानात बांगड्या भरायला बसल्या आणि हात कासाराच्या मुठीत अडकल्यानं त्यांना उठता येईना. मामा शिट्टी मारत दुकानाबाहेर उभे राहिले आणि 'बसणे'ची सात मिनिटं तिथंच गेली. आत्ती पायरीवर एकटीच बसली होती. "आता तालीम हाय गं," मामा परतताना म्हणाले, "खऱ्या येळंला न्हाई चुकायचं." त्याच रात्री त्यांनी तक्त्याखाली लाल पेन्सिलीनं नियम लिहिला, की परतीच्या शिट्टीनंतर पाच मिनिटांत नाव सुटेल, कोणाही इसमासाठी थांबणार नाही. खाली अकराजणांच्या सह्या आणि अंगठे घेतले.

मिर्झापूरपर्यंत सगळं तक्त्याबरहुकूम झालं. नावेत बसल्यावर विहीणबाईंनी गंगा पाहिली आणि कडेवरून पाण्यात हात बुडवून ठेवला. दुष्काळ सरून दोन-तीनच वर्षं झाली होती, आणि त्यांच्याकडे तेव्हाही घागरीसाठी कोसभर चालावं लागे. शेवटी म्हणाल्या, "आन हे समदं पानी असंच जातंय? कुनी काईच म्हनत न्हाई?" मामांनी त्यांना पाण्याचा वेग सांगितला. वेगावरून काशीला पोचायची वेळ सांगितली. ती सांगून तास झाला नाही तोच नाव वाळूत रुतली.

गंगेला तक्ता दाखवलेला नव्हता. नावाडी पाण्यात उतरले, बांबूंनी रेटू लागले. मामा नावेच्या काठावर उभे राहून त्यांना फौजी हिंदीत हुकूम देत होते, मी त्यांचं पाठ्यपुस्तकी हिंदीत भाषांतर करत होतो आणि नावाडी दोघांकडेही लक्ष न देता आपल्या पद्धतीनं नाव काढत होते. नाव निघाली, पण तीन तास गेले. बक्सरची गाडी थांबणारी नव्हती. पाच तासांच्या काशीचे दोन तास उरले. मामांनी तक्ता मांडीवर घेतला, लाल पेन्सिल काढली आणि छाटायला सुरुवात केली. स्नान सात मिनिटं. रांग वीस. गहिवर एक. मग पेन्सिल 'बसणे'वर आली, क्षणभर थांबली आणि तिनं ती ओळ पुरी खोडली. आत्ती समोरच बसली होती. तिनं ते पाहिलं आणि तोंड फिरवून पाण्याकडे बघत राहिली. मला मामांचा त्या घडीला भयंकर राग आला. पण मीही मान खाली घातली, कारण शिट्टीची दहशत मलाही होतीच.

काशी आम्ही घेतली, एवढंच सांगता येईल. आम्ही काशी पाहिली असं म्हणवत नाही. मला आठवतात त्या मामांच्या मागून पळताना दिसलेल्या त्यांच्या टाचा. एक पंडा आमच्या गावाचं नाव ऐकून, "तुमच्या पूर्वजांची नावं माझ्या वहीत आहेत," असं म्हणत मागे लागला. "त्यांस्नी सांगा, पोचलो म्हनून," मामा न थांबता म्हणाले. दर्शनाला तात्यांनी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा ते गल्लीत होते. पण नवल असं, की परतीच्या शिट्टीला पाच मिनिटं असताना नऊजण नावेत हजर होते. मामा धरून दहा. तालीम कामी आली. आत्ती तेवढी नव्हती.

ती कुठं आहे ते नावेतूनच दिसत होतं. वरच्या पायरीवर, घाटावरच्या एका मोठ्या छत्रीच्या सावलीत, पाण्याकडे तोंड करून ती बसली होती. मामांनी शिट्टी माझ्या हातात दिली, "टैम झाला की मार," म्हणाले आणि पायऱ्या चढू लागले. आम्ही सगळे नावेच्या कडेला येऊन बघत होतो. मामा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. मनगटावरचं घड्याळ दाखवलं. नावेकडे बोट केलं. आत्ती काय बोलली ते इतक्या लांबून ऐकू आलं नाही. तिनं नुसता पदर आवरून शेजारची जागा मोकळी केली.

मामा उभेच होते. मग ते बसले. आधी ताठ, कवायतीला बसल्यासारखे. मी वेळ झाल्यावर शिट्टी मारली. मामांनी वळून पाहिलं. पाच मिनिटं गेली.

"मास्तर, नाव सोडू नगंस रं," तात्या म्हणाले, "सुबेदार हायत ते!"

"तात्या, नियम त्यांचाच आहे," मी म्हणालो, पण नावाड्याला खूण करायला माझाही हात उचलवेना. तेवढ्यात वरच्या पायरीवरून मामांनी हात हलवला. खेचरांची रांग पुढं काढताना हलवत असतील तसा. चला, पुढं चला. नाव सुटली. विहीणबाईंनी गंगेला हात जोडले आणि पदरानं डोळे पुसले. त्याला एका मिनिटाहून कितीतरी जास्त वेळ लागला.

आम्ही गया करून घरी आलो, तरी त्या दोघांचा पत्ता नव्हता. तेरा दिवसांनी ती दोघं एस्टीतून उतरली. गाव गोळा झालं. बायकांनी आत्तीला घेरलं, "आवं आत्ती, येवढं दिवस काय केलं तितं?"

"बसलो हुतो," आत्ती म्हणाली.

यापलीकडे तिनं कुणाला काही सांगितलं नाही आणि मामांना विचारायची कुणाची छाती झाली नाही. मामा बदलले असं मात्र कुणी समजू नये. दुसऱ्याच दिवशी म्हशीला पाणी चार मिनिटं उशिरा पाजल्याबद्दल गड्याची हजेरी झाली.

आत्ती त्यानंतर तीन वर्षांनी गेली. दिवसकार्य उरकून मी साताऱ्याला निघालो होतो. दुसऱ्या दिवशी शाळा होती आणि शेवटची एस्टी सहाला होती. निरोप घ्यायला गेलो तर मामा घरात नव्हते. नदीवर होते, पायरीवर, एकटेच. मी म्हटलं, "येतो मामा, गाडीची वेळ झालीय." त्यांनी मान वर केली. डोळे भरलेले होते आणि ते पुसायची त्यांना घाई नव्हती.

"सात मिनिटं दिली हुती रं मी तिला," ते म्हणाले. "ती बी खोडली."

मी पुन्हा म्हणालो, "मामा, गाडी..."

"जाऊ दे गाडी," मामा म्हणाले. "बस."

मी बसलो.