पोशीरला न दिसलेलं खग्रास ग्रहण

मंडळी, आज माझ्या चुकीपायी जे झालं ते लपवण्यात अर्थ नाही, म्हणून लिहितोय.

मी पोशीरच्या शाळेत मास्तर. पेपरात ‘खग्रास सूर्यग्रहण’ वाचलं आणि गावभर सांगत सुटलो, की भरदुपारी अंधार पडेल, चांदण्या दिसतील.

ठाकरवाडीतल्या भिमीचं पहिलं मूल देवीच्या रोगानं गेलं. दुसरी मुलगी सहा महिन्यांची. तिला लस टोचून घे म्हणून मी कधीचा मागे लागलो होतो. शेवटी भिमी म्हणाली, “तुमचं गिरान खरं झालं, तर टोचू.”

आज दुपारी आम्ही सगळे काजळी धरलेल्या काचा घेऊन शेतात उभे होतो. सूर्य अर्धा झाकला आणि पुन्हा उघडू लागला. ऊन जरा फिकट झालं, इतकंच.

“मास्तर, चांदन्या कुठं हायत?” भिमीनं विचारलं. लोक हसले. ती हसली नाही.

घरी येऊन पेपर पुन्हा वाचला. खाली लिहिलं होतं, खग्रास सुमात्रा बेटावर, आपल्याकडे खंडग्रास. ती ओळ मी वाचलीच नव्हती.

तसाच वाडीवर धावलो. वर्षातून एकदाच वाडीवर येणारा लस टोचणारा नेमका आजच आला होता, तो भिमीच्या दारात उभा होता. भिमीनं पोरीला पदराखाली घेतलं होतं.

“चूक माझी झाली गं, लशीची नाय,” मी म्हणालो.

“गिरान चुकलं तर तुमाला लोक हसले. लस चुकली तर मी काय करू?”

लस टोचणारा निघून गेला. आता तो पुढच्या वर्षीच येईल. भिमीला काय उत्तर द्यावं, तुम्हाला सुचतंय का?